फोडणीआधी बाजूला काढा: मांजराला आपल्या खाण्यातलं काय द्यायचं, किती द्यायचं आणि काय अजिबात नाही

घरात मांजर असेल तर हे रोजचंच आहे. आपण जेवायला बसलो की ती पायाशी येऊन बसते, वर बघते, एक पंजा मांडीवर ठेवते आणि आपल्याला वाटतं जाऊदे, एक तुकडा दिला तर काय होतंय. माझ्याकडे दोन आहेत, मनी नऊ वर्षांची आणि बोका पाच वर्षांचा, आणि या नऊ वर्षांत मी चुका करून, डॉक्टरांना विचार विचारून जे शिकले ते सगळं एका ठिकाणी लिहितेय, कारण ओळखीतल्या कुणीही नवीन पिल्लू आणलं की पहिला फोन हाच असतो, "आम्ही खातो ते दिलं तर चालतं का गं?"

बऱ्याच गोष्टी चालतात. पण फोडणीच्या आधीच्या. आपल्याकडे चिकन-मासे घरात आले की धुवून लगेच हळद-मीठ-आलं-लसूण लावून ठेवायची सवय असते, म्हणजे मांजराचा वाटा त्याच्याही आधी, कच्चं असतानाच वेगळ्या भांड्यात काढायचा. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं होईल

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्र्याचं भात-पोळीवर थोडंफार निभतं, मांजराचं निभत नाही. टॉरीन नावाचा एक घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो, आणि तो महिनोन्महिने कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू पातळ आणि ढिले पडतात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच, आपण गाजर खाऊन ते बनवू शकतो, मांजर नाही बनवू शकत. गोड चवही तिला कळत नाही, त्यामुळे ती श्रीखंडाची वाटी चाटते ते साखरेसाठी नाही, त्यातल्या फॅटसाठी.

आता सगळ्यांच्या घरातून येणारं वाक्य, "आमच्या आजीकडच्या मांजरी दूधभातावर पंधरा वर्षं जगल्या." माझ्या आजीकडेही होत्या. पण ती मांजर दिवसभर माळ्यावर आणि गोठ्यात असायची, उंदीर, चिमण्या, पाली, सगळं खायची. अख्खा उंदीर म्हणजे तिच्यासाठी पूर्ण जेवण, टॉरीन, हाडांतलं कॅल्शियम, पाणी सगळं त्यात आलं, आणि दूधभात हा वरचा खाऊ होता. आज आपण तिसऱ्या मजल्यावर खिडकीला जाळी लावून मांजर ठेवतो, तिला उंदीर कुठून मिळणार? तिला तोच दूधभात दिला तर ती फक्त दूधभातावरच आहे. हा फरक घरातल्या मोठ्यांना शांतपणे सांगितला की पटतो, माझ्या आईला पटला.

पायरी १: रोजचं जेवण वेगळं आणि खाऊ वेगळा

रोजचं मुख्य जेवण म्हणजे मांजरासाठीच बनवलेलं पूर्ण आहार असं पाकिटावर लिहिलेलं खाणं, ड्राय किंवा वेट, जे परवडेल ते. पाकिटावरच्या यादीत टॉरीन आहे ना ते बघा. कुत्र्याचं खाणं स्वस्त पडतं म्हणून देऊ नका, त्यात मांजराला लागतं तेवढं टॉरीन असेलच असं नाही.

आपल्या स्वयंपाकघरातलं जे काही देतो ते दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत. साधारण ४ किलोच्या, घरात राहणाऱ्या मोठ्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊसाठी उरल्या २० ते २५. ऐकायला काहीच वाटत नाही, आणि खरंच ते थोडंसंच असतं. उकडलेलं चिकन १२ ते १५ ग्रॅम, बोटाच्या पेराएवढे दोन-तीन तुकडे. उकडलेलं अंडं पाव. एक चीज स्लाइस दिली तर दिवसाच्या खाऊच्या दोन-तीनपट झालं. मांजराचं वजन माहीत नसेल तर तिला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग तिला खाली ठेवून परत उभं राहा आणि वजाबाकी करा. महिन्यातून एकदा मी हे करतेच, बोक्याचं वजन वाढतंय हे मला डोळ्यांना नाही कळलं, काट्यावर कळलं.

"मग पाकीट नकोच, घरीच रोज चिकन उकडून घालू" असंही बरेच जण करतात, प्रेमानंच करतात. पण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, त्यामुळे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. वाढत्या पिल्लांमध्ये हे फार लवकर होतं, पिल्लू लंगडायला लागतं, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून मोजमाप, कॅल्शियम आणि टॉरीन लिहून घेऊनच सुरू करा, अंदाजानं नको.

पायरी २: चिकन, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सेफ

बोनलेस चिकन घ्या, साल आणि चरबी काढा, साध्या पाण्यात बुडेल इतकं पाणी घालून १५-२० मिनिटं उकडा. मीठ नाही, हळद नाही, तमालपत्र नाही, काहीच नाही. तुकडा मोडून बघा, आत कुठे गुलाबी राहायला नको. थंड झालं की हातानं तार तार सोडवा, म्हणजे बारीक हाड चुकून राहिलं असेल तर बोटाला लागतं. आणि ते पाणी ओतून देऊ नका! टॉरीन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी कोमट करून चिकनवर घाला. मांजरं मुळात पाणी कमी पितात, ड्राय खाणाऱ्या बोक्यांना तर लघवीचा त्रास होण्याची भीती असते, त्यामुळे असं पोटात गेलेलं पाणी सोन्यासारखं.

मी रविवारी अर्धा किलो उकडते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्यासकट भरून फ्रीझरला टाकते, ट्रेचा एक खण म्हणजे साधारण एका मांजराचा एका दिवसाचा खाऊ. रात्री एक खण खाली फ्रिजमध्ये काढायचा, सकाळी वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवायची. मायक्रोवेव्ह केलं तर ढवळून बोट लावून बघा, मधेच एखादा भाग चटका बसेल इतका गरम असतो. फ्रिजमध्ये शिजवलेलं दोन दिवसांच्या वर नको, आणि ताटलीतलं ओलं खाणं आपल्या हवेत अर्ध्या-पाऊण तासानं उचलून टाका, एप्रिल-मे मध्ये तर त्याच्याही आधी.

शिजवलेलं हाड कधीच नको. शिजल्यावर कोंबडीचं हाड ठिसूळ होतं, चावलं की टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात नाहीतर आतड्यात अडकतात.

कच्चं चिकन देऊ का, हा प्रश्न हल्ली फार येतो. माझं स्पष्ट मत, नका देऊ. साल्मोनेला वगैरे जंतू आहेतच, पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या मेले आणि तपासणीत एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लू निघाला, त्यानंतर लगेचच शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तो सापडला. मांजरवर्गाला हा आजार फार जड जातो आणि लागण झालेल्या पक्ष्याचं कच्चं मांस हा तो होण्याचा एक मार्ग आहे. नीट शिजवलं की विषाणू मरतो. वीस मिनिटं गॅस जाळायचा प्रश्न आहे.

कलेजी मांजरांना वेड्यासारखी आवडते, आणि म्हणूनच जपून. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज दिली तर महिन्यांनी मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं, मांजर मान वळवेनाशी होते, अंग चाटणं बंद करते. आठवड्यातून एकदा, नखाएवढे एक-दोन तुकडे, बस. त्यापेक्षा कलेजीसोबत येतं ते छोटं टोकदार हृदय चांगलं, त्यात टॉरीन भरपूर असतं, उकडून बारीक चिरून द्या.

पायरी ३: मासे, इथे सगळ्यात जास्त गैरसमज

मासे आणि मांजर हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या घरात तर मासे साफ करायला बसलं की मांजर शेजारी हवीच. डोकं, शेपूट, आतडी तिला टाकायची. त्यात दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे काटे. दुसरी म्हणजे कच्चा मासा. बऱ्याच कच्च्या माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व तोडून टाकतं, आणि रोज कच्चे मासे खाणाऱ्या मांजरात बी-१ कमी झालं की तोल जातो, मान छातीकडे वाकते, फिट्सही येतात. शिजवलं की थायमिनेज निकामी होतं.

म्हणून मासा वाफवा किंवा साध्या पाण्यात उकडा, पाच-सात मिनिटं पुरतात, काटे काढा आणि मग चिवडून द्या. सुरमईसारख्या मोठ्या, दुसरे मासे खाणाऱ्या माशात पारा जास्त साठतो, त्यामुळे मांजराला छोटे मासे बरे, मांदेली, तारली, बोंबील. तारली-मांदेलीचे काटे बारीक असतात, कुकरला भरपूर शिट्ट्या काढल्या की मऊ होऊन चुरडले जातात, तरी बोटानं चुरून बघितल्याशिवाय देऊ नका. बांगडा चालतो पण ताजाच हवा, तो उन्हात थोडा वेळ जरी राहिला तरी त्यात हिस्टामिन नावाचा त्रासदायक घटक तयार होतो आणि तो शिजवून जात नाही. कोळंबी साल, डोकं, शेपूट काढून उकडलेली, एक-दोन. तळलेली तुकडी वरचं आवरण काढून देतात काही जण, तसं नको, आलं-लसूण आतपर्यंत मुरलेलं असतं.

आठवड्यातून एक-दोनदा मासा खूप झाला. रोज फक्त तेलकट मासे दिले तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते, मांजराला हात लावला तरी दुखतं. शिवाय रोज मासे खाऊन मग दुसऱ्या कशालाच तोंड न लावणारी मांजरं मी बघितलीत, आणि आजारपणात ती सवय फार महागात पडते.

सुकी मासळी, म्हणजे सुकट-जवळा वगैरे, बिनमिठाची असेल तर धुवून, भिजवून, उकडून चिमूटभर. खारवलेला बांगडा नाही. डब्यातला ट्युना पाण्यातला आणि बिनमिठाचा मिळाला तर कधीतरी एक चमचा.

पायरी ४: बाकीचं घरातलं

अंडं पूर्ण उकडलेलं किंवा तेल-मीठ न घालता भुर्जीसारखं परतलेलं, पाव अंडं. कच्चं पांढरं नको, त्यातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं, मग ते शरीराला मिळत नाही.

दूध. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि आपण म्हणतो पोट बिघडलं कशानं कुणास ठाऊक. साधं घट्ट ताजं दही एक छोटा चमचा बहुतेकांना चालतं, कारण विरजण लागताना ती साखर कमी होते. बिनमिठाच्या पनीरचा मटारएवढा तुकडा चालेल. तूप-लोणी-साय बोटाला लावून चाटवायची सवय लावू नका.

भाज्यांमध्ये खरा कामाचा एकच, लाल भोपळा, उकडून कुस्करून एक चमचा, बद्धकोष्ठ असलेल्या मांजराला याचा उपयोग होतो. गाजर, फरसबी, मटार उकडून दिले तर अपाय नाही. भात चमचाभर चालतो, चिकनच्या पाण्यात कालवलेला. पोळी-भाकरी विषारी नाही, पण पोट भरतं आणि मिळत काही नाही.

घर शाकाहारी असेल तर त्यात अडचण काहीच नाही, घरात मांस शिजवायची गरजच नाही, पाकिटातलं पूर्ण आहार असलेलं खाणं द्या आणि दही-पनीर-भोपळा हा खाऊ. फक्त मांजरालाच शाकाहारी करायला जाऊ नका, तिचं शरीर तसं बनलेलंच नाही.

पायरी ५: हे नाही म्हणजे नाही

कांदा आणि लसूण. मी हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय. दोन वर्षांपूर्वी घरी पाहुणे होते, मटणाचा रस्सा होता, आणि कुणीतरी प्रेमानं मनीला रश्श्यातले तुकडे भरवले, दोन दिवस, दोन्ही वेळा. मला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी ती पलंगाखाली जाऊन बसली, खाईना, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खूप खाली आलेलं. तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, वाचली, पण त्या तीन रात्री मी झोपले नाही.

होतं असं की कांद्या-लसणातले गंधकाचे घटक तिच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि मांजराचं हिमोग्लोबिन याबाबतीत कुत्र्यापेक्षाही नाजूक असतं. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो, म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, एका मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. परतून आटलेल्या वाटणात तो दोन-तीन चमच्यांत जातो. लसूण याहून तीव्र. शिजवून, तळून, वाळवून काही फरक पडत नाही, उलट पावडर जास्त वाईट, त्यामुळे कांदा-लसूण मसाला, इन्स्टंट नूडल्सचा मसाला, सूपची वडी, चिप्स, फरसाण, सगळं बाद. आणि त्रास लगेच दिसत नाही, दोन ते पाच दिवस जातात, म्हणून "दिलं होतं, काही झालं नाही" यावर विश्वास ठेवू नका.

बाकीचं भराभर सांगते. चॉकलेट, चहा, कॉफी, चहाचा चोथासुद्धा. दारू. द्राक्षं आणि मनुका, कुत्र्यांच्या किडन्या यानं गेल्याचं पक्कं माहीत आहे, मांजरावर प्रयोग कशाला, शिऱ्यातल्या मनुकाही नको. पाव-पिझ्झाचं यीस्ट घातलेलं कच्चं पीठ, ते पोटात फुगतं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. झायलिटॉल घातलेले शुगरफ्री पदार्थ. लोणचं, पापड, हॅम-सॉसेज मिठामुळे. कच्चा बटाटा आणि त्याचे कोंब.

आणि खाणं नाही पण सांगायलाच हवं, ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीनं मांजर मरू शकतं. पुष्पगुच्छातल्या लिलीचंही तेच, नुसते परागकण अंगाला लागून तिनं चाटले तरी किडन्या बंद पडतात.

पायरी ६: नवीन काही द्यायचं तर कसं

एका वेळी एकच पदार्थ, पहिल्या दिवशी मटारएवढा, आणि तीन दिवस दुसरं नवीन काही नाही. उलटी, पातळ शी, कान-मान खाजवणं दिसलं तर थांबा. खात नाही म्हणून उपाशी ठेवून बघू, भूक लागली की खाईल, हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून ती गंभीर आजारी पडते, जाड मांजर तर जास्तच. चोवीस तास पूर्ण उपाशी असेल तर डॉक्टरांना फोन करा. जेवण जरा कोमट केलं की वास सुटतो आणि नाक मुरडणारीही खाते.

किडनीचा त्रास, डायबेटिस, लघवीत खडे असलेल्या मांजराला यातलं काहीही विचारल्याशिवाय नको, अगदी चिकनही. आणि आईविना पिल्लाला गाईचं दूध नको, पिल्लांसाठीची दूध पावडर दुकानात मिळते, ती कोमट करून, पिल्लाला पालथं धरून पाजायची, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

पायरी ७: खाऊ नये ते खाल्लंच तर

काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, हे लगेच कागदावर लिहा, पाकीट असेल तर सोबत घ्या आणि लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. घरी उलटी काढायला जाऊ नका, मिठाचं पाणी नको, नेटवर सांगतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड तर मुळीच नको, मांजराच्या पोटाच्या अस्तराला त्यानं जखमा होतात. उतारा म्हणून दूधही पाजू नका. पुढचे पाच दिवस रोज हिरड्या बघा, गुलाबी हव्यात, फिक्या, पिवळट किंवा जांभळट दिसल्या, श्वास जोरात चालला, लघवी लालसर-तपकिरी झाली तर रात्र असली तरी निघा. बोका वाळूच्या ट्रेमध्ये परत परत बसतोय आणि थेंबही येत नाहीये, हे खाण्यामुळे असो नसो, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

म्हणून आत्ताच, सगळं ठीक असताना, जवळचा रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना शोधून नंबर फोनमध्ये आणि फ्रिजवरच्या त्या कागदावर लिहून ठेवा. माझ्या कागदावर वर नंबर आहे, खाली चालणाऱ्या गोष्टी आणि त्याखाली लाल पेनानं कांदा-लसूण. पाहुणे आले की पाण्याच्या ग्लासासोबत मी तो कागद दाखवते, आणि शेजारी उकडलेल्या चिकनची छोटी वाटी ठेवते, ज्यांना भरवायची हौस आहे त्यांनी त्यातलं भरवावं, वाटी संपली की बंद.